चालतंय की

कारकुनानं कागद माझ्या हातात दिला नाही. वरून सोडला.

मी टेबलापुढं तळहात पसरून उभी होते. त्याच्या बोटांत आणि माझ्या तळहातात वीतभर अंतर. तेवढं त्यानं नेमकं राखलं. वर पंखा फिरत होता. कागद वाकडा गेला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि जमिनीवर पडला.

"उचल," तो म्हणाला.

मी वाकले. उचलला. पदरानं पुसला. आणि वर म्हणाले, "चालतंय, भाऊसाहेब."

हे मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. वय बेचाळीस. गिरणीत सव्वीस वर्षं. देश स्वतंत्र झालेला, शिवाशिव कायद्यानं बंद झालेली. आणि मी जमिनीवरचा कागद उचलून त्यालाच सांगत होते की चालतंय.

कागद तानूचा होता. तानू माझी मैत्रीण. हातकणंगल्याकडून लग्न होऊन आली तेव्हापासून महारवाड्यात आमची दारं समोरासमोर. मला आक्का म्हणते. गिरणीत दोघी सूत कातायच्या खात्यात. मागावर आमच्या माणसांना घेत नसत. मागाच्या धोट्यातलं सूत भोकातून तोंडानं ओढावं लागायचं; आमचं तोंड लागलं तर पुढच्याला बाट होईल म्हणून. यंत्राच्या दात्यांत हात घालायला मात्र आमचेच हात लागायचे. त्यानं यंत्राला बाट होत नसे.

मुकादमानं तानूला चालू यंत्राच्या चाकात अडकलेली रुई काढायला सांगितली. थांबवून काढली तर माल कमी निघतो. उजवा हात आत गेला. बोटं तुटली नाहीत. तुटली असती तर बरं झालं असतं. हे रागानं नाही, विचार करून लिहिते आहे. तुटलेलं बोट लांबून दिसतं. तानूची पाचही बोटं जागेवर होती. फक्त मधली तीन वळत नव्हती. आतल्या शिरा गेल्या होत्या.

गिरणीनं तिला काढून टाकलं. नवरा दम्यानं आधीच अंथरुणाला. कामावर अवयव निकामी झाला तर भरपाई मिळते, असा कायदा होता. इंग्रजांच्या वेळचाच, पण आमच्यापर्यंत तो कोल्हापूरचं संस्थान गेल्यावर पोचला. तिनं अंगठा लावून अर्ज केला. पुण्याहून आलेल्या डॉक्टरनं तपासलं. उत्तर आलं: कायमचं अपंगत्व नाही, अर्ज नामंजूर. फेरविचार मागायला महिन्याची मुदत. त्यातले नऊ दिवस तानू उत्तराचा कागद देवळीत ठेवून गप्प बसली होती.

मला कळलं तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मग वही काढली.

मी यादी करणारी बाई आहे. चौथीपर्यंत शिकले, शाळेच्या ओसरीत बसून. मुकादमाला जोडाक्षर येत नसे, म्हणून खात्यातल्या बायकांची हजेरी आणि बॉबिनांची मोजदाद मी लिहायची. सही त्याची. घरातही मिठाच्या बरणीपासून ज्याची त्याची यादी. लिहिलेली गोष्ट आपली राहते, असं मला वाटतं. म्हणून यादीत पहिलं लिहिलं: तपासणीच्या कागदाची नक्कल मागणे. चार खेपा घालून मिळाली ती ही नक्कल, जमिनीवरून उचललेली.

कचेरीच्या पायरीवर बसू देत नव्हते. बाहेर लिंबाखाली तानू थांबली होती; तिच्याजवळ बसून मी वाचली. वर तानूचा जबाब, मराठीत. खाली डॉक्टरचा शेरा इंग्रजीत आणि शेजारी कुणीतरी केलेलं त्याचं मराठी. 'हात चालतो असे अर्जदार स्वतः सांगते. बोटे शाबूत.' बस. दोन ओळी.

"तानू, हात चालतो असं तू सांगितलंस?"

"न्हाय बया! मी कशाला सांगीन?"

"मग काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"काय व्हायचंय. डाक्टर टेबलाच्या पल्याड. मी दारात. म्हणाला, हात वर कर. केला. म्हणाला, काय गं, चालतो का हात? मी म्हटलं, चालतंय की."

मी वहीतून मान वर काढली.

"चालतंय की? असं का म्हणालीस?"

"मग काय म्हणू, आक्का? एवढा मोठा सायेब इचारतोय. त्येच्यापुढं रडत बसू?"

मी नक्कल पुन्हा बघितली. जबाब लिहिणारा इमानी असावा, किंवा आळशी. त्यानं तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. 'चालतंय की.'

हे कोल्हापूरच्या बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं भाकरी करपली तर चालतंय की. पाव्हण्याला चहा कमी पडला, चालतंय की. बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, चालतंय की. त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा नाही. त्याचा अर्थ, ठीक नाही, पण तुम्हाला त्रास नको. जगण्यातली अब्रू राखायला आम्ही तो शब्द वापरतो. पुण्याच्या डॉक्टरनं तेवढाच उचलला आणि तिचा हात बरा करून टाकला.

आणि तासापूर्वी कारकुनाला मीही तेच म्हणाले होते. लिंबाखाली बसून मला हे कळलं. कानशील तापलं. तानूवर नाही. माझ्यावर.

"त्यानं हात हातात घेतला होता का?" मी विचारलं.

"कुणी?"

"डॉक्टरनं. बोटं वळवून बघितली का?"

तानू हसली. "खुळी का काय तू? आपला हात त्यो कसा धरंल?"

मी ते लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

पुढचे आठ दिवस मी तानूच्या घरी सकाळ-संध्याकाळ बसले आणि तिला काय जमत नाही ते लिहिलं. ती वैतागायची. "किती लिवतीस! माझी तेराव्याची यादी हाय का काय?" मी म्हटलं, "तोंड बंद ठेव आणि चोळीची गाठ मार." गाठ बसली नाही. लिहिलं. भाकरी थापणे, नाही. वरवंटा धरणे, नाही. सुतळी तोडणे, नाही. तुटलेलं सूत जोडणे, नाही. हेच तर तिचं काम. काडी ओढणे, डाव्या हातानं, तिसऱ्या खेपेस. जमिनीवरची सुई, पान, कागद उचलणे, नाही. चिमूटच होत नाही. एका सकाळी तिनं मीठ टाकायला हात बरणीत घातला आणि तीन बोटं तशीच ताठ बाहेर आली, मिठाशिवाय. ती त्या बोटांकडं बघत राहिली. मग पहिल्यांदा रडली. मी ते लिहिलं नाही.

अर्ज मुदतीत दिला. सुनावणी लागली.

खोलीत तिघं. भरपाईचा साहेब खुर्चीवर, त्याच्या बाजूला डॉक्टर, कोपऱ्यात तोच कारकून. मला बघून कारकून म्हणाला, "या, बॅरिस्टरीणबाई."

साहेब म्हणाला, "तुम्ही अर्जदाराच्या कोण?"

"शेजारीण."

"वकील नाही?"

"वकिलाला सांगायला नेमकं माहीत असावं लागतं. मला माहीत आहे."

मी यादी वाचली. साहेब ऐकत होता, हे कबूल करते. डॉक्टर घड्याळ बघत होता. यादी संपली तेव्हा तो म्हणाला, "हे सगळं कुणीही लिहील. बाईनं स्वतः सांगितलं आहे हात चालतो म्हणून. तिच्याच जबाबात आहे."

"जबाबात चालतो नाही. चालतंय आहे."

"तेच ते."

"तेच ते नाही, डॉक्टरसाहेब. हात तो. तो चालत असता तर ती म्हणाली असती, चालतोय. ती म्हणाली, चालतंय. ते. ते म्हणजे काय, ते तुम्ही विचारलं नाहीत."

कारकून फिसकन हसला. डॉक्टर लाल झाला. "आता महारवाड्यातून आम्हाला मराठी शिकवायला येणार?"

हे वाक्य मी तिथंच वहीत उतरवून घेतलं. सावकाश. त्याला दिसेल असं. मग म्हणाले, "आमचं बोलणं कागदावर लिहायचं असेल तर शिकावं लागेल. अजून एकच विचारते. तपासताना तुम्ही तिचा हात हातात घेतला होता का?"

साहेबानं मान वळवली.

"डॉक्टर?" साहेब म्हणाला.

"त्याची आवश्यकता वाटली नाही. बोटं दिसत होती."

"आता बघा," साहेब म्हणाला.

डॉक्टर उठला. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आपल्या तळव्यावर पसरला. तानूनं सवयीनं हात पुढं केला. मी तिचं मनगट धरलं आणि मागं ओढलं.

"रुमाल खिशात ठेवा."

"काय?"

"तो रुमाल. जखम वाळून सहा महिने झाले. आता त्यात पू नाही, रक्त नाही. मग रुमाल कशाला, ते साहेबांना सांगा. मी लिहून घेते."

मी तिला वाचवत होते की बुडवत होते, मला ठाऊक नव्हतं. तिच्या घरातली चूल त्या हातावर होती आणि मी तो हात मागं ओढून धरला होता. मी तानूकडं बघितलं. तिनं आपणहून हात पाठीमागं घेतला.

डॉक्टरनं साहेबाकडं बघितलं. साहेब कागदाकडं बघत होता. रुमाल खिशात गेला. तेव्हा तानूनं हात दिला. त्यानं मधलं बोट धरून वळवलं. ते वळलं नाही. त्यानं जोर लावला. तानू किंचाळली आणि त्यानं हात असा सोडला, जसा निखारा.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. अंशतः कायमचं अपंगत्व मान्य. त्याच आदेशात एक ओळ: 'अर्जदाराने प्रथम दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे विलंब झाला.' डॉक्टरनं हात धरला नाही, याबद्दल एक अक्षर नाही. दरम्यान मुकादमानं माझ्याकडून हजेरीची वही काढून घेतली. आठवड्यानं कामही. कारण दिलं नाही. मी विचारलं, लिहून मागितलं. दिलं नाही. ती तक्रार वेगळी चालू आहे.

वस्तीत लोक म्हणाले, जिंकलात. मी म्हटलं, थांबा, कागद हातात येऊ दे.

आदेश घ्यायला दोघी गेलो. तेच टेबल, तोच पंखा, तोच कारकून. त्यानं तानूचा डाव्या हाताचा अंगठा वहीत उठवून घेतला. कागद उचलला. तानूनं उजवा हात पुढं केला, तोच हात. त्यानं वरून सोडला.

कागद फरशीवर सपाट पडला.

"उचल की," तो म्हणाला.

मी वाकले. खरंच वाकले. बेचाळीस वर्षांची कंबर आपोआप वाकते. तानूनं डाव्या हातानं माझा दंड धरला आणि मला सरळ उभं केलं. मग तिनं उजवा हात त्याच्या तोंडासमोर धरला, तीन बोटं ताठ.

"चालत न्हाय," ती म्हणाली.

"काय?"

"ह्यो हात. चालत न्हाय. तुमच्याच कागदात लिवलंय, वाचा की."

"मग ही उचलेल. हिचे हात धड आहेत ना?"

"धड आहेत," मी म्हटलं. "चालत न्हाय."

शेजारच्या टेबलांवरचे टाक थांबले. कारकून कुणीतरी उठेल म्हणून इकडंतिकडं बघत राहिला. कुणी उठलं नाही. भिंतीला एक बाक होता. त्यावर आमच्यातलं कुणी कधी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही जाऊन बसलो. कचेरी बंद व्हायला तीन तास होते. आम्हाला कुठं जायचं नव्हतं. गिरणीनं दोघींनाही मोकळं केलं होतं.

मी वही उघडली. नवं पान घेतलं आणि लिहिलं:

कागद जमिनीवर. उचलायचा त्यानं.