न विचारता ओतलेला डबा

अनघा मॅडम गेल्याचं मला नळाखाली काचेच्या नळ्या धुताना कळलं. त्यांची विद्यार्थिनी ऋतुजा आली आणि तिने नळ बंद केला. "मावशी, मॅडम पहाटे गेल्या."  मी उरलेल्या नळ्या तेवढ्या धुऊन ठेवल्या... त्याला आता दीड महिना झाला. तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहून बघते आहे.

मी कार्ल्याची. लोणावळ्याजवळच्या या प्रयोगशाळेत भांडी धुवायला लागले, तेव्हा चौथीपर्यंतच्या शिक्षणावर इथलं काही कळेल असं वाटलं नव्हतं. मॅडम मात्र काम करता करता सांगत राहायच्या. रक्तात शेकडो प्रथिनं असतात, त्यातलं हवं ते एक आहे की नाही हे शोधायचं. आधी ती सगळी जेलीच्या पातळ वडीतून विजेच्या जोरावर पळवायची, मग कागदासारख्या पांढऱ्या पट्टीवर उतरवायची. पट्टीची मोकळी जागा दुधाच्या पावडरीच्या पाण्याने भरून काढायची आणि मग प्रतिपिंड नावाचं औषध सोडायचं. ते फक्त आपल्या प्रथिनालाच धरतं, आणि शेवटी तिथे काळी रेघ उमटते. "कार्ल्याच्या जत्रेत पोर हरवलं, तर एवढ्या गर्दीत त्याला कोण बरोबर ओळखेल?" त्यांनी मला विचारलं. "त्याची आई," मी म्हणाले. "आनि दुसऱ्याच्या पोराला ती हात लावायची न्हाई." मॅडम पोट धरून हसल्या. तेव्हापासून त्या विद्यार्थ्यांना विचारायच्या, "पट्टीवर आई सोडली का रे?"

ती आई मी एका शनिवारी मोरीत ओतली. फ्रिज पुसताना मागे एक डबा दिसला, आत पिवळसर दूध. नासलं असेल म्हणून ओतलं, डबा घासून पालथा घातला. ते दुधात कालवलेलं औषध होतं, पुन्हा पुन्हा वापरायला जपून ठेवलेलं. नवीन यायला दोन महिने लागायचे आणि ऋतुजाच्या कामाची मुदत त्याआधीच संपत होती. सोमवारी शोधाशोध झाली. डबा शेवटचा तिने वापरला होता, म्हणून सगळे तिलाच बोलले. ती मोरीपाशी येऊन रडली. मी तिला पाणी दिलं, आणि तरी गप्प राहिले. काम जाईल याची भीती होती. 

बुधवारी दुपारी मॅडम एकट्या दिसल्या. "मॅडम, त्यो डबा म्या वतला."

"सकाळीच कळलं मला," त्या म्हणाल्या. "एवढा चकचकीत डबा आमच्यातलं कुणी घासत नाही, हिराबाई."

"मंग बोलला न्हाई?"

"तुम्ही याल म्हणून दुपारपर्यंत थांबले. संध्याकाळी मात्र मीच आले असते. चला, तिला तुम्हीच सांगा."

ऋतुजाला मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मावशी, मला वाटलं मलाच वेड लागलंय." मॅडमनी पुण्यातल्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून थोडं औषध मागून आणलं. तिचं काम मुदतीत झालं. माझं काम गेलं नाही, उलट वाढलं. पट्ट्या धुण्याचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं. तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं, हळू हलवत. "धुण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही," त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात मॅडमच्या जागी नवे सर आले. त्यांनी फ्रिज उघडला. "मावशी, या कप्प्यातलं सगळं जुनं दिसतंय. ओतून टाका आणि डबे धुऊन ठेवा." मी डबे मोरीपाशी आणले. पहिल्याचं झाकण उघडलं आणि... परत लावलं.

"सर, कशात काय हाय ते आदी बगा. मंग वतते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. मग ते स्टूल ओढून बसले, एकेक डबा वाचत गेले. चार खरंच गेलेले होते, ते मी धुतले. पाचव्यातलं औषध त्यांनी ऋतुजाला पट्टीवर लावून बघायला सांगितलं. पट्टी मी धुतली. रेघ आली, पुसट, पण जागच्या जागी.

तो डबा मी परत मॅडमच्या कप्प्यात ठेवला. कप्प्यावर अजून त्यांचंच नाव आहे. सर ते काढा म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.