बारा नंबरचा गॅस

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला आमचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान. रोज कोणाचं तरी काही बिघडतं, आणि बिघडलेल्या वस्तूसोबत माणूसही येतो. मग किस्से साचायला कितीसा वेळ लागतो! त्यातले बहुतेक आमच्या उस्तादांचे, धनपालभाऊंचे. हातात पाना मला त्यांनीच दिला, म्हणून आधी त्यांना नमस्कार.

*

तेव्हाच्या फ्रीजमध्ये बारा नंबरचा गॅस असायचा. दुरुस्तीआधी पाइप कापायचा आणि उरलेला गॅस हवेत सोडायचा, ही रीतच होती. मग भाऊ नागपूरला ट्रेनिंगला गेले. तिथल्या सरांनी सांगितलं की हा गॅस हळूहळू पार वर चढतो, तिथल्या कडक उन्हात फुटतो, आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खात सुटतो. म्हणजे आपलं छप्परच! भाऊ परतले. दुकानाबाहेर उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "इतकी वर्सं सोडून राहिलो, वरून कोणी शिवीबी नाई देल्ली."

*

तेव्हापासून जुना गॅस मशीननं ओढून सिलिंडरमध्ये भरायचा. भाऊ हवा साठवतात म्हणून गावभर थट्टा! एकदा भंगारवाला सरकारी दवाखान्यातला मोडका फ्रीज घेऊन चालला होता. भाऊंनी मशीन मोटरसायकलला बांधलं, त्याला ढाब्यापाशी गाठलं आणि तिथेच गॅस काढून घेतला. भंगारवाला हसून म्हणाला, "लोहा मैं ले जाता हूँ, हवा आप ले जाओ!"

*

त्याच ढाब्यावरचा फ्रीज गळत होता, तेव्हाची गोष्ट. गळती शोधायला आमच्याकडे एक दिवा होता. गॅस लागला की त्याची निळी ज्योत हिरवी व्हायची. ढाबेवाल्याला ती इतकी आवडली की जेवते ट्रकवाले उठवून त्यानं ती दाखवली. गळती बुजवल्यावर ज्योत निळीच राहिली, तर गडी नाराज. म्हणे, "मंग दुरुस्त कायले केलं?"

*

पुढे बंदी आली आणि बारा नंबरचा गॅस बाजारातून गेला. नेमका तेव्हाच दवाखान्यातला लसींचा जुना फ्रीज गॅस गळून बंद पडला. लसी बर्फाच्या पेटीत, बर्फ वितळत चाललेला, आणि दुसऱ्या दिवशी लसीकरण. त्यात माझी तान्ही पोरगीही होती. सिस्टरबाई गोंदियापर्यंत फोन करून थकल्या, गॅस कुठेच मिळेना. मी तर पार घाबरलो होतो.

भाऊंनी गळती बुजवली आणि जुना गॅस साठवलेलं ते थट्टेचं सिलिंडर जोडलं. संध्याकाळी फ्रीजमधल्या तापमापीचा काटा जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी सुई टोचताच पोरगी अशी किंचाळली की रांगेतली सगळी लेकरं रडायला लागली. मला भाऊंच्या पाया पडायचं होतं, पण कडेवर पोरगी हातपाय झाडत होती. शेवटी सिस्टरबाईंनीच हात जोडले आणि विचारलं, हा गॅस आणला तरी कुठून?

भाऊ म्हणाले, "हात त्या भंगारवाल्याले जोडा, बाई. लोखंड त्यानं नेलं, हवा मले देल्ली."