आठ तासांची फरसबी

फरसबीच्या शिरा काढायला तीन बायका बसल्या की किस्से आपोआप साठतात. हात गुंतलेले, तोंडं मोकळी! दर गुरुवारी दुपारी वसईतल्या गास गावी फिलूमावशीच्या ओटीवर आम्ही तिघी जमतो. मावशी, अर्नाळ्याहून मासे विकायला येता येता तिची मैत्रीण झालेली पार्वतीबाई, आणि नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून रिक्षाने येणारी मी.

मावशीच्या मेल्विनने जर्मनीत हानाशी लग्न केलं. नाताळला सून पहिल्यांदाच घरी येणार म्हटल्यावर मावशीची झोप उडाली. "पोर इथे येऊन उपाशी राहिली तर?" मेल्विनने मग हानाच्या आजीची फरसबीची रेसिपी लिहून पाठवली. सोबत एका मित्राच्या हाती स्लो कुकर!

*

रेसिपी मी मोठ्याने वाचली. फरसबी, बटाटा, कांदा, बेकन म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं मांस. मंद आचेवर आठ तास. शेवटी व्हिनेगर आणि साखर.

"आठ तास?" पार्वतीबाई किंचाळली. "तेवढ्यात आमची होडी जाऊन मासे घेऊन येते!" मग कुकरमध्ये डोकावून म्हणाली, "फिलू, भाजी कशाला? नवऱ्याला ठेव आत. आठ तासांत तो पन नरम पडेल!"

मावशीचा नवरा वाडीत पाणी सोडत होता. तो त्या दिवशी घरात आलाच नाही.

*

कुकरला शिट्टी नाही, वाफ नाही, आवाज नाही. मावशीला चैन पडेना. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायची. मेल्विन फोनवर वैतागला, "मम्मी, एकदा उघडलं की अर्धा तास वाढतो!"

मी हिशोब केला. भाजी रविवारी शिजणार होती.

शेवटी मावशीने झाकणावर पाटा ठेवला. "आता उघडायचा कंटाळा येईल," म्हणाली. पुढच्या तासाभरात तिने पाटा चार वेळा उचलला.

*

एकदा बेकन मिळालं नाही. भाजी मात्र अशी झकास झाली, की मी दोनदा वाढून घेतली. "यात घातलंय काय?"

"सुकट," पार्वतीबाई म्हणाली. "धुराचा नाय, तर दर्याचा तरी वास!"

"अहो, आज माझा गुरुवार!"

"वाळल्यावर तो मासा कुठे राहतो? मीठच ते!"

दत्तगुरूंची माफी मागून मी ताट संपवलं.

*

नाताळ आला, हाना आली. मावशीने पहाटेच सुकट घालून कुकर लावला होता. जेवताना सगळ्यांच्या नजरा हानाच्या घासावर. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग वाडगाच पुढे ओढला. मेल्विनकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "आई, खूप छान! ही वसईची भाजी?"

मेल्विनचा घास तोंडातच राहिला.

"मला रेसिपी द्या ना. माझ्या आजीला पाठवते!"

मावशीने आमच्याकडे एकदा पाहिलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "लिहून घे, बाळा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी हानाने आजीला व्हिडिओ कॉल लावला, फोन मावशीच्या हातात दिला आणि मेल्विनबरोबर अर्नाळ्याला समुद्रावर गेली. आजीला मराठी येत नाही, मावशीला जर्मन येत नाही. तरी दोघी तासभर बोलत होत्या! मी शेजारीच बसले होते. मला एक 'या, या', म्हणजे जर्मनमधलं 'हो, हो', सोडून काही कळलं नाही. "सारखी 'या, या' म्हणते," मावशी हळहळली. "बोलावते बिचारी!"

पोरं परत आल्यावर मेल्विनने हसत विचारलं, "काय म्हणाली आजी?"

"भाजीत साखर जास्त होते म्हणाली. आणि तिचा डावा गुडघा धरलाय. जिना चढवत नाही. पण घरात कोणाला सांगू नको म्हणाली."

आम्ही सगळे हसलो. हाना हसली नाही. तिने जर्मनीत स्वतःच्या आईला फोन लावला. तिकडे आई आजीच्या खोलीत जाऊन बघून आली. मग हानाने फोन ठेवून आम्हाला सांगितलं. आजीचा डावा गुडघा टम्म सुजला होता. दोन महिने ती सगळ्यांपासून लपवत होती!

"आई," हाना मावशीचा हात धरून म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे?" मावशी म्हणाली. "तिने सांगितलं ना!"