विहिरीतला नारळ

माझं माहेर दर्याकाठी आणि सासर जाफराबादजवळ. मधे तीन एसट्या आणि एक अख्खा दिवस. शाळा आठवीत सुटली, कोळंबी सोलायला लागले. पुढे बंदरावर बर्फाची गाडी आणणारा ड्रायव्हर आवडला आणि दर्याही सुटला.

त्या श्रावणात धाकटा भाऊ पहिल्यांदाच बोटीवर गेला होता. चौथ्या दिवशी यायचा, सहावा उजाडला तरी फोन लागेना. मी घरात कुणाला बोलले नाही. भाकरी मात्र दोनदा करपली.

दुपारी जावेनं मोबाईलवर पिच्चर लावला. "तुझ्याकडचाय, समुद्राचा." भुताटकीचा निघाला. बोटीवर सात जण. दिवसभरात एकेक जण नाहीसा होतो, आणि परत तीच सकाळ, तेच सात, तोच म्हातारा खलाशी चहा मागतो.

सासूबाई मटकी निवडत बघत होत्या. खलाशानं तिसऱ्यांदा चहा मागितला तेव्हा म्हणाल्या, "मोबाईल अडकला का गं? तेच तेच दाखवून राह्यलाय."

"अडकला न्हाई, आत्या. त्यांचा दिवसच पुढं सरकंना," जाऊ म्हणाली.

"मंग त्या म्हाताऱ्याला एकदाचा चहा तर द्या!"

जाऊ हसून आडवी झाली. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मग भावाचं सगळं सांगावंच लागलं.

"तुमच्याकडं काय करतेत अशा वक्ताला?" सासूबाईंनी विचारलं.

"पुनवेला दर्याला नारळ देतो."

पुनव तर होऊन गेली होती. त्यांनी देवापुढचा नारळ उचलला आणि मला घेऊन मळ्यातली विहीर गाठली. पायऱ्या उतरून नारळ दगडावर आपटणार, तोच मी ओरडले, "आत्या, फोडायचा नसतो! अख्खा द्यायचा."

"अख्खा? अन् खोबरं?"

"तेही दर्याचंच."

"लई खातो बाई तुमचा दर्या!" म्हणत त्यांनी नारळ पाण्यात सोडला.

मोटारीच्या गळक्या पाइपाची धार पाण्यात पडत होती. तिनं नारळ कडेकडेनं गोल फिरवला आणि परत आमच्या पायरीशी आणला. मी ढकलला. फिरून पुन्हा तिथंच. पिच्चरमधली तीच ती सकाळ आठवून मी हात मागं घेतला. सासूबाई मात्र खूश.

"पाह्यलंस? गेला अन् आला. तुझा भाऊबी बराबर येतो बघ."

मी जन्मभर दूर जाणारेच नारळ बघितले होते.

आठव्या दिवशी भावाचा फोन आला. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. त्याचा आवाज ऐकला आणि मोबाईल आधी सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी विचारलं, "चहा मिळाला का रे बाबा?"