बाबांचा गेटपास

पास हा शब्द आमच्या लालबागच्या चाळीत मराठीच होता. पोरं परीक्षेत पास व्हायची, सभेत ठराव पास व्हायचा, लांब नोकरीला जाणारे रेल्वेचा पास काढायचे, आणि पत्ते खेळताना हातात काही नसलं की माणूस ‘पास’ म्हणून मोकळा व्हायचा. तो इंग्रजांकडून आलाय हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबांनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले, पोरगी पास झाली म्हणून.

पुढे दादरच्या एका मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले. तिथल्या जाडजूड कोशात एकदा हा शब्द काढून पाहिला. मूळ लॅटिन, अर्थ पाऊल. पाऊल टाकण्यावरून पलीकडे जाणं, त्यावरून डोंगरातली खिंड, परीक्षेतून पार पडणं, जायची परवानगी, आणि शेवटी मरण. माणूस वारला हे सांगायलाही इंग्रजीला हाच शब्द लागतो. मुलींना हे सांगितलं की त्यांना फार गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही. एवढ्या अर्थांतला आमच्या घराला पुरून उरला तो परवानगीचा, आणि तो मला कोशाच्या कितीतरी आधी बाबांनी शिकवला होता.

बाबा गिरणीत मागावर होते. पाळी चालू असताना गेटबाहेर पडायचं तर गेटपास लागायचा आणि तो मिळवून द्यायचा जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. त्यानेच बाबांना नोकरीला लावलं, त्यानेच आम्हाला खोली मिळवून दिली. ताईचं लग्न ठरवतानाही बाबा आधी त्याला विचारून आले. आजी गेल्याची तार गावाहून गिरणीत आली तेव्हा ती खिशात घालून, जॉबरची फेरी संपेपर्यंत बाबा माग चालवत उभे राहिले होते. हे ते अभिमानाने सांगायचे. ऐकताना मला संताप यायचा, आजही येतो.

ताई, माझी थोरली बहीण, परळला दिली होती. तिच्या सासरच्या घरासमोरच इस्पितळ. पहिल्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा तिची सासू म्हणाली, राहू दे इथेच, इस्पितळ दारात आहे. आमची आई तर केव्हाच वारली होती, घरात करणारं कुणी नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्या कोकणातली रीत, आणि रीत मोडायची तर बाबांनी परवानगी मागायची कुणाकडे? ते ताईला लालबागला घेऊन आले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. ताईचा नवरा सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात बसला होता. गोळीबार झाला, गिरण्या बंद पडल्या, कर्फ्यू लागला, आणि त्यातच एका सकाळी ताईला कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. शेजारच्या काकूंनी चाळीतली निम्मी पोरं या जगात आणली होती. त्यांनी पोट चाचपून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की मूल आडवं आहे, हे माझ्या हातातलं नाही, परळला न्या. चाळीतल्या माणसांनी कोळशाच्या वखारीतली हातगाडी ओढत आणली, तिच्यावर गोधड्या पसरल्या. ताईला जिन्याने खाली उतरवणार तेवढ्यात बाबा मध्ये उभे राहिले.

“इचारल्याबिगर भायर कसा पडाचा?” ते म्हणाले. “पास होयो.”

बाबा भित्रे होते असं कुणी म्हणू नये. मोर्चात त्यांनी पाठीवर लाठ्या झेलल्या होत्या. पण मोर्चाला अख्खं खातं गेलं होतं आणि जॉबर पुढे होता. एकट्याच्या हिमतीवर, कुणाला न विचारता बाहेर पडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. कर्फ्यूचा पास कुठे मिळतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर पास जिथून मिळाला तिथेच ते गेले, जॉबरकडे. बापाने अडवलेली गाडी त्याच्यामागे हलवायला कुणी धजावलं नाही.

जॉबर आमच्याच वाडीत, मागच्या चाळीत राहायचा. रस्ता ओलांडावा लागत नव्हता. तो जेवून झोपला होता. बाबा त्याच्या दाराशी उकिडवे बसून राहिले. मी बोलवायला गेले तर ओठावर बोट ठेवून त्यांनी मला गप्प केलं, साहेबांची झोपमोड होईल म्हणून. ताईचं ओरडणं तिथवर ऐकू येत होतं. त्यांनाही येत असणार. शेवटी जॉबर उठला, चहा प्यायला, सगळं ऐकून घेतलं. हे आपल्या हातात नाही असं म्हणणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं. घरात पडलेला गिरणीचा एक कोरा गेटपास त्याने काढला आणि त्यावर झोकात सही केली. तोवर उन्हं कलली होती.

नाक्यावरच्या हवालदाराने गाडीवरची बाई पाहिली आणि लांबूनच हाताने जा म्हणून खूण केली. तरी बाबा थांबले. जवळ जाऊन त्यांनी कागद पुढे केला. हवालदाराने तो उलटसुलट करून बघितला.

“बाबा, हा गिरणीचा आहे,” तो म्हणाला. “आणि पेशंटला पास कशाला? सकाळपासून गाड्या सोडतोय मी.”

बाबांनी कागदाची नीट घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला. फाडला नाही, टाकला नाही. त्या घडी घालण्याची मला अजून चीड आहे.

ताई वाचली. मुलगा झाला होता, तो गेला. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, की इतका वेळ काय करत होतात.

दुसऱ्या दिवशीही कर्फ्यू होता. बाळाला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बाबांच्या हातात दिलं. मला वाटलं, आता ते कुणाला तरी विचारतील. पण ते उठले आणि इस्पितळाच्या फाटकातून चालू लागले. रिकाम्या रस्त्याने गेले, पुरून आले. परत येऊन ताईच्या पायथ्याशी बसले. हात धुतले होते, पण नखांत माती राहिली होती.

म्हणाले, “कोणी काय एक इचारूक नाय.”

ताईने डोळे उघडले. “मगे काल कित्याक इचारूक गेल्यात?”



पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत रोषणाई झाली, पुन्हा पेढे वाटले गेले. त्यानंतर ताई आणखी दोनदा बाळंत झाली. दोन्ही वेळा बाबा तिला माहेरी आणायला परळला गेले, आणि दोन्ही वेळा एकटेच परत आले.