रेसचा क्लच
घोडबंदरच्या चढावर एखाद्या ट्रकचा क्लच जळतो, त्याचा करपट वास काचा बंद असूनही गाडीत शिरतो आणि मला बाबांची लाल गाडी आठवते. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी होती ती. रविवारी सकाळी ते ती चेणे गावापर्यंत चालवायचे, बाकी आठवडाभर ती माझ्याकडे असायची. क्लच घसरायला लागला तेव्हा मी नया नगरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रीने बाकड्यावर दोन क्लच ठेवले, एक साधा आणि एक रेसचा. "ये पकड़ेगा जबरदस्त, पर पेडल पत्थर हो जाएगा. गाड़ी और कौन चलाता है?" मी पटकन म्हणालो, "बस, मैं ही." बाबांना एवढंच सांगितलं की नवीन टाकलाय. रविवारी ते नेहमीसारखे स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. नवघरच्या नाक्यावर गर्दीत पेडल दाबून धरताना त्यांचा गुडघा थरथरायला लागला आणि गाडी गचके खाऊन तीनदा बंद पडली. मागून हॉर्न आणि शिव्या. ते उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "तू चालव. आता माझ्याने नाही होत रे." तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण गाडी अशी काही पळायला लागली होती की मी गप्प बसलो. त्यांनी पुन्हा कुठलीच गाडी चालवली नाही. ते गेले तेही आपलाच पाय गेला असं समजून.