व्हीपीएन तुटायचं तिच्याच घरी

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात नेटवर्क मी एकटी बघायचे. निम्मी माणसं घरून काम करायची आणि घरून ऑफिसच्या सिस्टीममध्ये शिरायचं तर व्हीपीएन लागायचं. ते सारखं तुटायला लागलं. साहेबांनी एकदा माझ्यासमोर कीबोर्ड टेबलावर असा आपटला की बटणं उडाली. मी ती वाकून गोळा केली, याचा राग मला नंतर आला.

आठवडाभर शोधल्यावर सापडलं. पाच मिनिटं कोणी काही टाइप केलं नाही की नेटवर्कवर पहारा ठेवणारी आमची फायरवॉलच कनेक्शन तोडत होती. ती वेळ वाढवली. तक्रारी थांबल्या, एकीची सोडून.

ती कस्टमर सपोर्टला होती. ऑफिसपासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहायची, तरी घरूनच काम करायची. सकाळी अकरा ते एक या वेळात तिचं व्हीपीएन तीन-चारदा जायचं. मी तिला वायर बदलायला लावली, राउटरची जागा बदलायला लावली. काही फरक नाही. मग मी तिच्या कनेक्शनचा लॉग, म्हणजे मिनिटामिनिटाची नोंद, नीट वाचला. नेट कमजोर असलं की आधी अडखळतं. तिचं अडखळत नव्हतं, प्लग उपटावा तसं एकदम मरायचं.

मी फोन केला. "तुझ्याकडे लाइट जाते का गं?"

"नाही ताई."

"मग राउटर कोणी बंद करतं का?"

मागून पुरुषाचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस?" आणि लगेच फाडकन आवाज. फोन खाली पडला, पण कट झाला नाही. पुढचं सगळं मी ऐकलं. ती ओरडत नव्हती. शेजारी ऐकतील म्हणून असेल.

मी ऑफिसच्या नोंदीतून तिचा पत्ता काढला, कामाची बॅग उचलली आणि निघाले.

दार नवऱ्याने उघडलं. दुपारपाळीचा माणूस, धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. "ऑफिसातून का? या ना मॅडम," म्हणाला. त्याच्या हातात राउटरचा अ‍ॅडाप्टर होता. आत ती लादीवर बसलेली, ओठ फाटलेला, लॅपटॉपची स्क्रीन मोडून मागे लोंबत होती.

"चल माझ्याबरोबर," मी तिला म्हटलं.

ती उठली तशी त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं कपाटावर आपटलं. मी मध्ये पडले, तर त्याच्या कोपराचा फटका माझ्या कानावर बसला. कानात नुसती शिट्टी वाजू लागली. बॅगेत वायरला कनेक्टर दाबून बसवायची लोखंडी पक्कड होती. ती मी त्याच्या बोटांवर हाणली. हाड वाजलं, केस सुटले, तो खाली बसला. मग मी दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तो तेव्हा काहीच करत नव्हता.

आम्ही जिने उतरलो तेव्हा ती अनवाणी होती. पोलीस चौकीत तिची तक्रार लिहून घेईपर्यंत तोही आला, हाताला रुमाल गुंडाळून, माझ्याविरुद्ध तक्रार द्यायला. हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या ओठाकडे पाहिलं आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. त्याची तक्रारही शेवटी लिहून घेतलीच. तिची केस अजून चालू आहे. मला दोनदा जबाब द्यायला जावं लागलं.

ती आता घाटकोपरला बहिणीकडे राहते आणि रोज ऑफिसला येते. साहेबांनी त्या मारामारीच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, "ते व्हीपीएनचं काय झालं?" मी म्हटलं, "झालं बंद तुटायचं."

मध्यंतरी डबा खाताना ती अचानक म्हणाली, "ताई, दुसऱ्यांदा का मारलंत?"

"घाबरले होते गं," मी म्हटलं.

खरं म्हणजे मला तिसऱ्यांदाही मारायचं होतं. तिने माझ्या डब्यात भाजी वाढली.